कंपनीच्या हातचा केक

काकू, तुमचा मोठा कुकर माझ्याकडे आहे आणि तो मी परत देणार नाही, हे आधीच सांगून टाकते. परवा तुमची सून भांडी आवरत होती. मला म्हणाली, "आत्यांचा मोठा कुकर कुठं दिसंना." मी म्हटलं, बघते. बघायचं काय त्यात, वर माझ्या ओट्यावर बसलाय तो. बुडाला मिठानं पांढरा झालेला, दांडा खिळखिळा. तिच्याकडे पुण्याला ती विजेची शेगडी आहे, त्यावर हा चालायचाही नाही. तेव्हा तो विषय संपला.

काल तुमचा दहावा झाला. घोडनदीच्या घाटावर मांडव भरून माणसं होती. सोसायटीचे चेअरमन बोलले, कुठल्या कुठल्या संचालकांनी श्रद्धांजली वाहिली. एकानं तर लीलाबाईचं शीलाबाई केलं आणि शेवटपर्यंत तेच रेटलं. सगळ्यांनी मिळून तुम्हाला धार्मिक, कष्टाळू आणि सोशिक करून टाकलं. मी मागं बायकांत बसले होते. सोशिक म्हणाले तसं मला हसू फुटलं. ओढणी तोंडाला लावली, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय. तिनं पाठीवरून हात फिरवला आणि मग मला खरंच रडू आलं.

चॉकलेटचं कुणी बोललं नाही. बोलणार कसं, माहीतच नव्हतं कुणाला. तुमच्या थोरल्या जाऊबाई समोरच्या दारात बसून अख्ख्या आळीवर नजर ठेवायच्या, त्यांनासुद्धा तुम्ही पत्ता लागू दिला नव्हता. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मीच सांगते.

मी आणि संतोष खोली बघायला आलो ते आठवतं का तुम्हाला? रांजणगावला आम्हा दोघांच्या दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या पाळ्या, आणि दोघांच्याही बस तुमच्या कोपऱ्यावर थांबायच्या. तुमची माडीवरची खोली आम्हाला अगदी सोयीची होती. तुम्ही गाव विचारलंत. मी म्हटलं, दौंड, वडील रेल्वेत होते, गँगमन. मग आडनाव विचारलंत. सांगितलं तशा तुम्ही जरा थांबलात. ते थांबणं माझ्या ओळखीचं आहे, आमच्यातल्या सगळ्यांच्याच आहे. मी चपला घालायला वळले. तर तुम्ही म्हणालात, "पाणी सकाळचंच येतं, टाकी भरून ठेवायची. आन् जिन्यात चपला काढायच्या न्हाईत, माझा पाय अडकतो." खोली मिळाली होती. मी भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला, तुम्ही वर येऊन तो बघितलात आणि म्हणालात, "खिळा नीट ठोक, पडंल."

देण्यात तुम्ही कधी हात आखडला नाहीत. मळ्यातली मेथी, आमटीची वाटी, दिवाळीच्या चकल्या. आता वाटी रिकामी कशी परत करायची? आमच्या आईचं वळण, भांडं रिकामं पाठवायचं नाही. मी त्यात कधी भाजी, कधी खीर घालून आणायचे. आणि बघावं तेव्हा तुमचा उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, तुमच्या उपासांचं कॅलेंडरच निराळं. एकदा मी मुद्दाम शेंगदाण्याचा लाडू आणला, म्हटलं हा तरी चालेल. तर म्हणालात, "आज निरंकार हाय गं." मंगळवार होता तो. संध्याकाळी जिना उतरते तर तुम्ही दारापुढच्या ओट्यावर बसून कांदाभजी खात होतात. मला बघून भजं तुमच्या घशात अडकलं. मी पाण्याला पुढं झाले, तर तुम्ही हातानंच थांबवलंत.

त्या दिवसापासून मी वाटीत साखर नाहीतर डाळ घालून परत करायला लागले. कच्चं चालायचं तुम्हाला.

आणि ह्याच तुम्ही, मला टायफॉईड झाला तेव्हा माझ्या उशाशी बसून होतात. संतोषला सुट्टी मिळेना, आईला दौंडहून यायला उशीर झाला. तुम्ही पेज करून आणायचात, चमच्यानं भरवायचात, मी ओकले तर तुम्हीच फरशी पुसली. माझं उष्टं ताट तुम्ही घासलंत, काकू. माझं उष्टं घासायला तुमचा हात अडला नाही आणि माझ्या हातची भाकरी खायला अडत होता, हे गणित मला तेव्हाही सुटलं नाही. माझं तुमच्यावर प्रेम होतं आणि तुमचा रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी. पुष्कळदा तर एकाच वाक्यात.

आता केकचं. आमच्या कंपनीत केकचं तयार पीठ पॅक होतं. वरून मशीन पिशवीत पावडर सोडतं, पिशवी चिकटून खाली येते आणि लाईनला उभ्या आम्ही बायका ती खोक्यात सरकवून झाकण दाबतो. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. दिवसभर नाकात चॉकलेट. चेप आलेलं खोकं बाजारात पाठवत नाहीत, ते स्टाफला मिळतं. असंच एक मी घरी आणलं. वाढदिवस कुणाचा नव्हता, संतोष गोडाला शिवत नाही. उगाच आणलं आपलं.

माझा कुकर एवढासा, त्यात डबा मावेना. म्हणून खाली आले आणि तुमचा मोठा मागितला.

"कशाला?"

"केक करायचाय."

"कुकरात? त्याला भट्टी लागती ना?"

"नाही लागत. तळाला मीठ पसरायचं, वर जाळी ठेवायची, त्यावर डबा."

"मीठ? गोडात?"

तुम्ही कुकर दिलात, पण चैन कुठलं पडायला. माझ्या मागोमाग गुडघे धरत जिना चढून आलात. आत नाही आलात. उंबऱ्याबाहेर वरच्या पायरीवर बसलात, पाय दुखतात म्हणून. तिथनं चौकशी सुरू झाली. खोकं मागून घेतलंत, उलटंपालटं केलंत. इंग्रजी वाचता येत नव्हतं पण तो हिरवा ठिपका बरोबर शोधलात. अंडं न्हाई, म्हणालात. मग म्हणालात, "ह्यात तू काय घालणार?"

"तेल आणि पाणी. बाकी सगळं आतच आहे."

"तेल कुठलं?"

"पिशवीतलं, दुकानातलं."

मग म्हणालात, "पाणी नको. थांब, दूध आणते, म्हशीचं हाय." आणि तेच दुखरे गुडघे घेऊन खाली गेलात, वर आलात. मी मनातल्या मनात हिशेब घातला. पीठ कंपनीचं, तेल दुकानचं, दूध तुमचं, कुकर तुमचा. राहता राहिलं माझं ढवळणं. तर तुम्ही म्हणालात, "आण ते भांडं हिकडं, ढवळायला काय लागतंय," आणि पळी हातातनं काढून घेतलीत.

खरं सांगायचं तर तुम्ही छान ढवळायचात. पीठ हळूहळू सोडायचं, एकाच बाजूनं फिरवायचं, गाठ दिसली की पातेल्याच्या कडेला दाबून मोडायची. पिठल्याचा हात होता तो. खोक्यावर लिहिलेलं असतं, फार फेटू नका म्हणून. तुम्हाला सांगावंच लागलं नाही. मी डब्याला आतून तेल लावलं, वर कोरडं पीठ भुरभुरलं, तुम्ही ओतलंत, मी डबा जमिनीवर दोनदा आपटला. कुकरची रिंग काढली, शिट्टी काढली, गॅस बारीक केला. मग आपण दोघी वाट बघत बसलो, मी आत, तुम्ही बाहेर. वास सुटला तसं तुम्ही मान लांब करून आत बघायला लागलात.

सुरीचं टोक घालून बघितलं, कोरडं आलं. डबा उपडा केला, अख्खा सुटला. तुमचा पहिला शेरा, "काळं ठिक्कर पडलंय की. करपलं का काय?" मी एक तुकडा कापून ताटलीत घातला आणि ताटली उंबऱ्यावर ठेवली. मनात म्हटलं, बघू या आज कुठला उपास निघतोय. वार गुरुवार होता.

तुम्ही ताटलीकडं बघितलंत, समोरच्या घराकडं बघितलंत. थोरल्या काकू, तुमच्या जाऊबाई, दारात नव्हत्या. आणि म्हणालात, "हे काय, कंपनीच्या हातचं हाय. ह्याला काय हुतंय." तुकडा उचललात. एक खाल्लात, दुसरा खाल्लात, तिसरा पदराखाली घेऊन खाली गेलात.

तिथनं तुम्हाला नाद लागला. मी पहिल्या पाळीनं आले की तुम्ही कोपऱ्यावरच विचारायचात, "आज चेपलं का गं एखादं?" रोज कुठलं चेपायला. तुमच्यासाठी मी एखादं चेपून ठेवावं असा तुमचा आग्रह होता, तो मी मानला नाही, माझी नोकरी गेली असती. पण मिळालं की आणायचे. एकदा थोरल्या काकूंनी समोरून हाक मारली, "लीला, कसला वास येतोय गं?" तुम्ही इथनं ओरडून सांगितलंत, "कल्पीचं दूध लागलं." माझ्या नावावर तुम्ही किती दूध करपवलंत त्याची गणतीच नाही.

मला त्या दिवसांत बरं वाटायचं, पण आतून टोचायचंही. केक तुम्ही माझ्या ताटलीत खायचात, माझ्या सुरीनं कापलेला खायचात. शेजारी माझ्या तव्यावर भाकरी टम्म फुगलेली असायची, तिच्याकडं तुम्ही बघायचातसुद्धा नाही. मी विचारायचेही नाही. विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असतात आणि मग मला ते खोटं ऐकावं लागलं असतं.

ते दौंडला उकललं. तुमच्या गुडघ्यांसाठी कुणीतरी दौंडचा डॉक्टर सांगितला होता. मला सुट्टी होती, मी बरोबर आले. तिथं गेलो तर डॉक्टर चारला येणार. उन्हात तुम्हाला कुठं बसवायचं? मी म्हटलं, आमचं घर जवळ आहे, चला. तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत, पायच उचलत नव्हता तुमचा.

आईनं तुम्हाला खुर्ची दिली, पंखा तुमच्याकडं वळवला. आत मटण शिजत होतं, मी येणार म्हणून तिनं केलं होतं, वास सगळ्या घरात भरलेला. ती पटकन चप्पल घालून बाहेर गेली. आली ती पाण्याची सीलबंद बाटली आणि बिस्किटाचा पुडा घेऊन. दोन्ही न फोडता, न उघडता, तिनं स्टुलावर तुमच्या पुढं ठेवलं आणि हात मागं घेतला. तोंडावर राग नाही, काही नाही. पाहुण्याला जे चालतं ते द्यायचं, एवढंच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही बाटलीचं झाकण पिळलंत, पुडा फोडलात, आणि त्यातलं एक बिस्कीट काढून माझ्या आईपुढं धरलंत. "तुमी बी घ्या की." आईनं घेतलं. खाल्लं.

परतीच्या एसटीत चौफुला मागं पडेपर्यंत मी गप्प बसले, हे माझं मोठेपण समजा. मग मला आवरलं नाही.

"काकू, त्या केकच्या खोक्याचं झाकण कोण लावतं, माहितीये?"

"मशीन."

"मी लावते. आतली पिशवी ह्या हातानं आत सारते आणि ह्याच हातानं झाकण दाबते. दिवसभर तेच करते."

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "हातमोजं असत्यात की."

"मग भाकरी पण मोजे घालून थापू? खाल?"

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. तुम्ही म्हणालात, "हळू बोल." मी कसली हळू बोलतेय. म्हटलं, माझ्या आईनं तुमच्या पुढं बंद बाटली ठेवली, तिला कुणी शिकवलं ते? कुणाच्या दारात शिकली असेल ती? न्हावरा आलं, माणसं चढली उतरली. गाडी सुटल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "तुझ्या आईनं माझ्या हातचं खाल्लं." आणि पदर डोक्यावर ओढून डोळे मिटलेत.

मग आपलं बोलणं बंद. मी चेपलेली खोकी लाईनवरच्या दुसऱ्या बायकांना देऊन टाकायला लागले. खोली बदलायचंही डोक्यात घेतलं होतं, संतोषला तसं बोलले होते. तो म्हणाला, "बदलू. पण तुला करमणार नाही." मला त्याचाही राग आला, कारण ते खरं होतं.

आणि एका रविवारी तुम्ही दारात उभ्या. हातात तो मोठा कुकर, फडक्यात धरलेला. म्हणालात, "मी केलाय. पण बिघाडलाय."

दुकानात जाऊन तुम्ही स्वतः खोकं विकत आणलं होतं, चांगलं, न चेपलेलं. एकट्यानं करून बघितलं होतं. फक्त मिठाच्या जागी कुकरात पाणी घातलं होतं, कारण मिठाची नासाडी जिवाला पटेना. रिंग लावली होती, शिट्टी लावली होती. "शिट्ट्या किती करायच्या ते तू सांगितलंच न्हवतंस," म्हणालात, "मी डाळीएवढ्या केल्या." झाकण उघडलं तर आत तो केक चिंब, मधे खचलेला, वर पाण्याचं डबकं. खरवस म्हणावा तर काळा, ढोकळा म्हणावा तर गोड. मी त्या केकवर भांडणासकट सगळं विसरून इतकी हसले की खाली बसले. तुम्ही आधी रुसलात, मग तुम्हीही हसायला लागलात. हसता हसता तुम्ही आत आला होतात, उंबरा ओलांडून. माझ्या ओट्याला टेकून उभ्या होतात. ते तुमच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक, मी बोलले नाही.

टाकून द्यायचा तुमचा स्वभाव नव्हता. पाणी काढून टाकलंत, तो मऊ गोळा चमच्यानं वाटीत मोडलात, त्यावर गरम दूध ओतलंत आणि वर साय घातलीत. एक वाटी मला, एक तुम्हाला. काकू, मी दिवसभर चॉकलेटमधे उभी असते, पण तसलं काही मी आजवर खाल्लं नव्हतं. नंतर आपण कायम तसाच केला. पाणी घालायचं, डाळीएवढ्या शिट्ट्या करायच्या, दूध ओतायचं. खोक्यावर छापलेली कृती आपण मोडीत काढली.

वाट्या चाटून झाल्यावर तुम्ही बोललात. मान खाली घालून बोललात. "मी ह्या घरात पाय ठिवल्या ठिवल्या माझ्या सासूनं पयलं हेच शिकिवलं. कुणाचं घ्यायचं, कुणाचं न्हाई. मला कळतंय गं चूक हाय ते. तोंड तयार हाय, हात उचलंना."

मी म्हटलं, "शिकवलेलं मोडता येतं."

"खाईन. तुझी भाकरी खाईन एक दिवस. बसून, पोटभर खाईन."

"कधी?"

"घाई नको करू."

मी घाई केली नाही. इथंच आपलं भांडण राहिलंय, काकू. मी अधूनमधून तवा ठेवून तुमच्याकडं बघायचे, तुम्ही माझ्याकडं बघायचात. एकदा तर तुम्ही हात पुढं केला होता, मी बघितला. तेवढ्यात थोरल्या काकूंनी हाक मारली आणि तुम्ही उठलात. मला वाटायचं, होईल. गुडघे दुखण्यापलीकडं तुम्हाला झालं तरी काय होतं?

मग तो ताप आला आणि उतरेना. शिरूरच्या दवाखान्यात तुम्हाला ठेवलं, छातीत पाणी झालंय म्हणाले. तुम्हाला अन्न जाईना. तुम्ही मला खुणेनं बोलावून म्हणालात, "ते आपलं काळं आण." मी डॉक्टरना विचारलं, ते म्हणाले मऊ असेल तर थोडं द्या. मी करून आणलं, दुधात अगदी पातळ केलं. ह्या वेळी दूध माझं होतं, वाटी माझी, चमचा माझा, भरवणारा हात माझा. तुमचा मुलगा बघत होता, थोरल्या काकू बघत होत्या. तुम्ही तोंड उघडलंत. कंपनीचं राहिलं होतं काय त्यात, तेवढं पीठ. मला हसूही आलं आणि बोलावंसंही वाटलं, पण तुम्हाला धाप लागली होती. तुम्ही माझं मनगट धरून ठेवलं होतंत. मी काय बोलायला हवं होतं ते मला आता रोज सुचतं. तुम्ही मला आईसारख्या होतात, एवढं साधं तरी बोलायला हवं होतं. आईनंच मला पाठवलं होतं तुमच्याकडं, दवाखान्यात रोज जा म्हणून, तेही सांगायचं राहिलं.

तुम्ही गेलात, तुम्हाला आणलं, दुपारी घाटावर नेलं. अंगण बायकांनी भरलं होतं. मी तुमच्या पायाशी रडले आणि मग मला कळेना की मी कुठं बसायचं. कुणी जा म्हटलं नाही, कुणी बस म्हटलं नाही. मी वर येऊन माझ्या खोलीत बसले. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. बाहेरून पिठलं-भाकरी येते, तिला कडू घास म्हणतात. आमच्यातही शेजारी आणून देतात. तुमची भावकी एवढी मोठी, कुणाकडनं तरी येणारच होती. मला तुमच्या घरातल्या त्या कामाशी काही देणंघेणं नव्हतं.

तर जिन्यात पावलं वाजली. थोरल्या काकू. मी इथं राहायला आल्यापासून त्या कधी वर आल्या नव्हत्या. भिंत धरून धापा टाकत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"पिठलं-भाकरी तू करायचीस," म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "लीला सांगून गेलीय. दवाखान्यात म्हणली, माझ्या कडू घासाची भाकरी कल्पीच्या हातची. दुसऱ्या कुणाच्या घरनं आली तर तुमास्नी सोडायची न्हाई म्हणली. तिच्या गळ्याची आण घातली मला." मग नाक ओढून म्हणाल्या, "बघत काय बसलीस? माणसं सकाळपासनं उपाशी हायेत."

मी पीठ घेतलं, काकू. सगळा डबा घेतला. थापताना मला तुमचा इतका राग आला की भाकऱ्या फाटायला लागल्या. हे बरं जमलं तुम्हाला. स्वतःला जमलं नाही ते अख्ख्या घराला लावून निघून गेलात. खाईन म्हणाला होतात. बसून, पोटभर. मी रडत होते आणि थापत होते, थोरल्या काकू दारातनं म्हणाल्या, "पाणी कमी घे," तेव्हा भानावर आले. मग भाकऱ्या नीट यायला लागल्या. पिठलं तुमच्यासारखं एका बाजूनं ढवळलं.

टोपली काठोकाठ भरली. मी खाली नेली. पुरुषमाणसं नदीवरनं येऊन बसली होती. तुमच्या मुलानं सगळ्यांत आधी ताट पुढं केलं. त्याच्या मागं बसलेले म्हातारे थोरल्या काकूंकडं बघायला लागले. त्यांनी कुणाकडंच बघितलं नाही, पाट ओढला, बसल्या आणि भाकरी मोडली. एका पाहुण्याला उपास आठवला. थोरल्या काकू म्हणाल्या, "आज कसला उपास? जेव गप." तो जेवला. सून जेवली, तुमचे भाऊ भांडगावहून आलेले, ते जेवले. मी वाढत होते. माझ्या हातानं, प्रत्येकाच्या ताटात, कुणी हात आडवा धरला नाही. थोरल्या काकूंनी भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

तुमचं सगळं घर जेवलं माझ्या हातचं, काकू. तुम्हीच तेवढ्या राहिलात.